थंडीतला गोबरा आणि माझी वही

(समुद्रकाठच्या एका गावात, रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज गुरुजींनी मला इथे बोलायला उभे केले आहे. मी काही व्याख्याता नव्हे. तुमच्यासारखाच दर्यावर जाणारा माणूस आहे. तेराव्या वर्षी होडीवर चढलो, तेव्हा मला 'क' काढता येत नव्हता. आज साठी उलटली आहे. तेव्हा मोठमोठ्या गोष्टी मी सांगणार नाही. एक मासा आणि एक वही, या दोघांचीच गोष्ट सांगणार आहे.

मासा कोणता? गोबरा. आपण सिंधुदुर्गात त्याला गोबरा म्हणतो. वर मुंबईकडे त्यालाच हेकरू म्हणतात. आपली मुले आखातात नोकरीला जातात. ती सांगतात, तिकडे या माशाला हमूर म्हणतात आणि त्याचा मोठा मान आहे. नावे तीन, पण कूळ एकच. या कुळात जाती पुष्कळ. कोणाच्या अंगावर तांबूस ठिपके, कोणाच्या अंगावर काळसर पट्टे. पण तोंड पाहिले की ओळख पटते. रुंद जबडा, जाड ओठ, आणि खालचा जबडा थोडा पुढे आलेला. रागावलेल्या सासऱ्यासारखा!

थंडीतच का?

जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना बंदी असते. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो. पण खोल पाण्यात गोबऱ्याला गरवायचे दिवस येतात ते दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. असे का, याचा विचार तुम्ही कधी केलात का? मी तरी पुष्कळ वर्षे केला नव्हता. बापजादे जात होते, म्हणून मी जात होतो.

पहिले कारण वारा. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. शिडाच्या होडीला यासारखे सुख नाही. मतलईने बाहेर जावे, खाऱ्या वाऱ्याने घरी यावे. दर्याही मवाळ असतो. खडपावर नांगर टाकून चार घटका स्वस्थ बसता येते.

दुसरे कारण पाणी. पावसाळ्यात नद्या गढूळ पाणी आणून समुद्रात ओततात. तो गाळ हळूहळू खाली बसतो. पाणी निवळते. गोबऱ्याला आमिष दिसते.

तिसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात खोल समुद्रातले थंड पाणी तळावरून किनाऱ्याकडे सरकते. त्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाच्या माशांचा तिथे जीव गुदमरतो. जे हलू शकतात ते दुसरीकडे जातात. थंडी लागली की ते पाणी मागे हटते आणि तळाला पुन्हा चांगले पाणी येते. मग खडपात पुन्हा वर्दळ सुरू होते. हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. आपले म्हातारे एवढेच म्हणत, "दर्यान श्वास घेतलो, आता जावा." दोघांचे म्हणणे एकच!

खडपातले घर

बांगडा, तारली हे मासे थव्याने फिरतात. आज इथे, उद्या तिथे. गोबऱ्याचे तसे नाही. तो घर करून राहणारा मासा आहे. पाण्याखालच्या खडपात एखादे बीळ धरतो आणि तिथेच राहतो. दाराशी दबा धरून बसतो. समोरून मासा, खेकडा गेला की एकदम जबडा उघडतो. त्याबरोबर पाणी आत ओढले जाते आणि पाण्याबरोबर शिकारही आत जाते.

असली खडपे आपल्या किनाऱ्यासमोर पुष्कळ आहेत. सगळ्यांत मोठे नाव ऐकले असेल ते आंग्रिया बँकेचे. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटरवर आहे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला हे नाव पडले. तिथे प्रवाळ आहे, रंगीबेरंगी मासे आहेत, गोबरेही आहेत. पण ते लहान होडीचे काम नव्हे. माझी गोष्ट जवळच्या खडपाची आहे.

ते खडप मला आमच्या तांडेलकाकांनी दाखवले. पंधरा वाव पाणी. तेव्हा होडीवर यंत्रे नव्हती. देवळामागचा माड आणि दूरच्या डोंगराची खिंड एका ओळीत आणायची. मग उत्तरेकडचे टेकाड लाटेवर डोके काढते का ते बघायचे. दोन्ही खुणा जुळल्या की नांगर सोडायचा. ही खूण काकांना त्यांच्या बापाने दिली होती. कागदावर कुठे नव्हती. डोक्यात होती.

गरवायचे कसे तेही काकांनीच शिकवले. जाड तंगुसाची दोरी, खाली शिसे, त्याच्या वर मोठी गरी. गरीला बांगड्याचा तुकडा नाहीतर माकूल. शिसे तळाला लागले की हातभर वर उचलून धरायचे. गोबरा आमिष घेतो तो धसमुसळेपणाने. घेतले की लगेच बिळाकडे वळतो. पहिले दोन हात ओढायला उशीर झाला, की संपले. बिळात शिरून तो कल्ले आणि काटे फुलवतो आणि दगडात अडकून बसतो. मग कितीही ओढा, दोरी तुटेल पण मासा येणार नाही.

पहिल्याच दिवशी माझे तसे झाले. काका ओरडले, "अरे, इचार कसलो करतस? वड! घरात शिरलो तर तो तुझो नाय." मी रडकुंडीला आलो. तेव्हा काकांनी दोरी हातात घेतली. ओढली नाही. उलट सैल सोडली आणि बिडी पेटवली. बिडी संपता संपता गोबऱ्याला वाटले, गेले संकट. तो बाहेर आला. काकांनी सटकन दोन हात ओढले. त्या दिवशी मी शिकलो, की बळापेक्षा सबुरी मोठी.

काकांचा एक नेम होता. एका खडपावर सलग दोन दिवस जायचे नाही. मोठे दोन-तीन मासे मिळाले की नांगर उचलायचा. मी विचारले, "काका, अजून लागतायत की!" ते म्हणाले, "लागतत म्हणानच जावचा." लागतात म्हणूनच जायचे! मला तो वेडेपणा वाटला.

वहीचा जन्म

1990 नंतर आपल्या जिल्ह्यात साक्षरतेची मोठी मोहीम झाली. गावोगाव वर्ग निघाले. मी तिशीच्या जवळ आलो होतो. लाजत लाजत वर्गात जाऊन बसलो. माझी बायको माझ्याआधी वाचायला शिकली, हेही सांगून टाकतो. ती बाजारात मासे विकायची. तिला आकड्यांची गरज माझ्याहून जास्त होती.

तिनेच मला दोन रेघांची वही आणून दिली. म्हणाली, "रोज आल्यावर लिहायचं. तारीख, जागा, मासे किती, वजन किती." मी म्हणालो, "माझ्या सगळं लक्षात राहतं." ती म्हणाली, "तुमच्या लक्षात राहतं तेवढं व्यापाऱ्याच्याही राहत असेल. तरी तो लिहितो ना?"

यावर मला उत्तर सुचले नाही. लिहायला लागलो. अक्षर कोंबडीच्या पायांसारखे! पण लिहिले. महिन्याअखेरीस आमची वही आणि व्यापाऱ्याची वही शेजारी ठेवली, तेव्हा चार ठिकाणी वजन जुळेना. भांडण केले नाही. वही दाखवली. पुढच्या महिन्यापासून वजने जुळू लागली. मंडळी, ज्याच्याजवळ वही नाही, त्याचे वजन नेहमी कमीच भरते.

हा झाला वहीचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग मला फार उशिरा कळला. तो सांगताना आजही मान खाली जाते.

माझी चूक

काका वारले. मी तांडेल झालो. होडीला इंजिन आले. पुढे जीपीएस आले. खिंड नको, माड नको. यंत्रावर आकडे दाबले की होडी थेट खडपावर. आकडे एकाचे दुसऱ्याला कळायला वेळ लागत नाही. जिथे एक होडी जात होती, तिथे सहा होड्या जाऊ लागल्या. मी मनात म्हटले, मी सोडले तर दुसरा नेणार. मग मीच का नेऊ नये?

2004 सालचा जानेवारी महिना. कडाक्याची थंडी, आरशासारखा दर्या. त्या खडपावर गोबरे लागले ते असे लागले, की हात कापून निघाले. एक मासा तर दोघांनी मिळून होडीत घेतला. मी नांगर उचलला नाही. दुसऱ्या रात्री गेलो. तिसऱ्या रात्रीही गेलो. जेवढे मोठे होते तेवढे सगळे काढले. गावात वाहवा झाली. त्या पैशांतून मी घरावर नवी कौले घातली.

त्यानंतर त्या खडपावर मासा लागेना असे झाले नाही. तसे झाले असते तर लगेच डोळे उघडले असते. लागत होता. पण जरा लहान. पुढच्या थंडीत आणखी लहान. माणसाला सवय होते. लहान मासाच मोठा वाटू लागतो.

मग 11 नोव्हेंबर 2009 हा दिवस आला. फयान वादळाचा दिवस. आमच्या बंदरावर बावटा चढला होता. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लिहिली होती. मी ती वाचली आणि होडी वर ओढली. जे आधीच लांब गेले होते, त्यांच्यातले कित्येक परत आले नाहीत. कोकणातल्या पुष्कळ घरांत त्या रात्री चूल पेटली नाही. आपण इथे अक्षरे गिरवतो, ती कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याला तो फळा दाखवा.

त्या दिवशी बाहेर वारा घोंघावत होता. कौले उडत होती. मी घरात बसून होतो. करायचे काय? मी जुन्या वह्या काढल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. त्या खडपाच्या नावापुढे सुरुवातीच्या पानांवर 9 किलो, 11 किलो, 14 किलो असे आकडे होते. 2004 च्या जानेवारीत तर पानच भरून गेले होते. त्यानंतर 4 किलो. मग 3 किलो. मग दीड. शेवटच्या पानावर नुसते 'लहान, 6 नग' असे लिहिले होते. अक्षर माझेच होते. दुसऱ्या कोणावर ढकलायला जागा नव्हती.

वर वारा माझी कौले उडवीत होता. ती कौले ज्या माशांची होती, ते मासे खाली खडपात राहिले नव्हते.

मोठा मासा म्हणजे काय?

रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे शिकलेला एक तरुण पुढे आमच्या गावी आला होता. मी त्याला वह्या दाखवल्या. त्याने एक गोष्ट सांगितली आणि मी थक्क झालो. तुम्हीही व्हाल.

गोबऱ्याचे पिल्लू वयात येते ते मादी म्हणून. काही वर्षे ती अंडी घालते. वाढत वाढत जाते. आणि मग त्यांतले काही मासे नर होतात! होय, आज मादी असलेला मासा पुढे नर होतो. म्हणजे खडपावरचे मोठे मासे बहुतेक नर, आणि लहान-मधल्या बहुतेक माद्या. आता सांगा, मी तीन रात्रींत सगळे मोठे काढले, म्हणजे काय केले? माद्या राहिल्या, पण अंडी फळवणारे नर गेले. नवा नर तयार व्हायला वर्षे लागतात. गोबरा सावकाश वाढतो. काही जातींचा गोबरा वीस वर्षांहून जास्त जगतो. जो मासा मी बिडी ओढेपर्यंतच्या वेळात वर काढला, तो तिथे माझ्या मुलाच्या वयाएवढी वर्षे राहत असेल.

काकांनी शाळा पाहिली नव्हती. पण मोठे दोन-तीन घेऊन नांगर उचलायचा, हा त्यांचा नेम या शास्त्राशी जुळणारा होता.

दूरच्या बेटाची गोष्ट

मग गेलेले परत येते का? यासाठी एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. ती आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या खालच्या अंगाला कॅरिबियन समुद्र आहे. त्यात केमन नावाची बेटे आहेत. तिथेही गोबऱ्याच्या कुळातला एक मासा आहे. त्याला नासाऊ गोबरा म्हणू. हा मासा वर्षभर एकटा राहतो. पण थंडीत, पौर्णिमेच्या सुमारास, लांबलांबून हजारो मासे एका ठरलेल्या जागी जमतात आणि अंडी घालतात. जशी आपली जत्रा!

2001 साली लिटल केमन बेटाजवळची अशी एक जागा मच्छीमारांना कळली. जत्रेत शिरलेल्या चोराला काय कमी? दोनच हंगामांत हजारो मासे निघाले. आजूबाजूच्या बेटांजवळच्या जत्रा अशाच मोडल्या होत्या. तेव्हा 2003 साली सरकारने जमावाच्या जागी मासेमारी बंद केली. लोक कुरकुरले, पण थांबले. पंधरा वर्षांनी मोजदाद केली, तेव्हा तिथले मासे तिपटीहून जास्त झाले होते.

पंधरा वर्षे! एका हंगामात नव्हे. मोडायला दोन थंड्या, जोडायला पंधरा. हा हिशेब पाटीवर लिहून ठेवा.

आम्ही काय केले

आम्ही सहा होड्यांचे तांडेल एकत्र बसलो. मी वही वाचून दाखवली. आधी सगळे चिडले. एक म्हणाला, "तू खाल्लंस, आता आम्हांला उपास सांगतोस." तो खोटे बोलत नव्हता. मी म्हणालो, "होय, मी खाल्लं. म्हणून मीच पहिला थांबतो." पुष्कळ वाद झाला. शेवटी ठरले, की त्या एका खडपावर कोणी गरवायचे नाही. बाकीच्या खडपांवर काकांचा नेम पाळायचा.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो. लिहून घ्या.

लहान गोबरे लागू लागले तर जागा बदला. 'परत सोडू' म्हणून धरत बसू नका. खोल पाण्यातून मासा झरकन वर आला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. डोळे बाहेर येतात, पोट तोंडातून बाहेर येते. तसाच सोडला तर तो उलटा तरंगतो आणि मरतो. तोंडातून आलेले पोट टोचू नका. टोचले तर तो हमखास जायबंदी होतो. सोडायचाच असेल तर शिशाचे वजन लावून, सहज सुटेल अशा बिनकाट्याच्या गरीने त्याला पुन्हा तळाशी नेऊन सोडावे. खाली गेला की फुगलेली पिशवी पुन्हा दबते.

दुसरे, 2023 साली महाराष्ट्र शासनाने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. तो तक्ता सोसायटीत मागा आणि स्वतः वाचा. मात्र एक ध्यानात ठेवा. तक्ता लहानाला वाचवतो. मोठ्याला वाचवायचे ते तुमच्या मनाने.

तिसरे, जेवढे वजन माशाचे, तेवढेच बर्फाचे धरा. थंडी आहे म्हणून बर्फात कसूर करू नका. नीट राखलेले चार मासे नासलेल्या आठांपेक्षा जास्त पैसे देतात.

चौथे, हवामानाची सूचना वाचल्याशिवाय होडी लोटू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळाचाही काळ आहे. तीन नंबरचा बावटा दिसला तर घरी बसा. अंगात जीवरक्षक जाकीट घाला. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर पाठ करा आणि होडीवर रंगाने लिहा.

आणि बायकांना एक सांगणे. काही जातींच्या गोबऱ्याची पिल्ले खाडीत, कांदळवनात वाढतात. सरपणासाठी कांदळ तोडताना एवढे आठवा, की ते झाड नव्हे, तो पाळणा आहे.

शेवटचे पान

तुम्ही विचाराल, त्या खडपाचे पुढे काय झाले? खरे तेच सांगतो. एक-दोघांनी शब्द मोडला. मग पुन्हा बसलो, पुन्हा ठरवले. आता माझा मुलगा होडी चालवतो. तो वर्षातून एकदा, थंडीत, त्या खडपावर जातो. एकच दोरी सोडतो. लागेल तो पहिला मासा वहीत लिहितो आणि परत येतो. गेल्या थंडीत त्याने लिहिले, '5 किलो'. 14 किलोचा अजून दिसलेला नाही. कदाचित मला दिसणारही नाही. पण आकडा वर चढतो आहे.

ती वही आज मी बरोबर आणली आहे. पुढच्या बाकावरून मागे फिरवा. हात ओले असतील तर पुसून घ्या. आणि घरी जाताना प्रत्येकाने गुरुजींकडून एक कोरी वही न्या. पहिल्या पानावर आजची तारीख घाला. तिच्यापुढे काय लिहायचे, ते उद्या दर्या सांगेल.